माठाचं वॉटरप्रूफिंग

ओट्याच्या कोपऱ्यातला माठ गळतोय हे गळतीसाहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मनाशी म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम आहे.

गळतीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गळक्या गच्च्या आणि ओलावलेल्या भिंती दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते सुपरवायझर होते, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. या विषयातलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना तिळभरही शंका नव्हती. (त्यांच्या स्वतःच्या बाथरूममधून खालच्या काकूंच्या बाथरूममध्ये वर्षभर पाणी ठिबकत होतं, ही गोष्ट वेगळी. कित्येकदा दुरुस्ती करूनही ते थांबत नव्हतं, पण तो दोष इमारतीचा होता.)

माठ सासरेबुवांनी घडवलेला होता. त्यांचा कुंभारकामाचा धंदा. सारा जन्म चाकावर गेला, आणि अलीकडे खांदा धरला तेव्हा चाक बंद करण्याआधी हा शेवटचा माठ त्यांनी लेकीसाठी केला. बायको त्याला जिवापाड जपायची. रोज सकाळी उठल्याबरोबर त्याच्याखालचं पाणी पुसून घ्यायची, त्यामुळे साहेबांना त्या पाण्याचा पत्ताच नव्हता. आता ती वडिलांना आणायला माहेरी गेली होती आणि ओट्यावर तळं साचलं होतं.

साहेबांना खरोखर वाईट वाटलं. म्हाताऱ्याचा हात शेवटी शेवटी थरथरला असणार. उद्या ते येतील, आपला शेवटचा माठ गळका निघाला हे बघतील, आणि मनाला लावून घेतील. ते काही नाही, आपण असताना असं होऊ द्यायचं नाही. शिवाय सासरेबुवांनी आजवर जावयाबद्दल काढलेला सर्वांत चांगला उद्गार 'जेवतात बरे' एवढाच होता. त्यात भर घालण्याची ही संधी होती.

त्यांनी माठ रिकामा केला, उन्हात खडखडीत वाळवला आणि कंपनीच्या पारदर्शक केमिकलचे दोन हात बाहेरून चढवले. (आतून लावलं नाही. तेवढी अक्कल होती.) सकाळी माठ नव्या बुटासारखा चमकत होता. पाणी भरलं, खाली कोरा कागद ठेवला, तासाभराने पाहिला. कागद कोरडा ठणठणीत. साहेबांनी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली आणि ऐटीत भांडंभर पाणी प्यायले. ते इतकं कोमट होतं, की आंघोळीला चाललं असतं.

दुपारपर्यंत त्यांनी हवेला दोष दिला. मग फोन करून बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, की माठात पाणी गार कशाने होतं. ती म्हणाली, माती पाझरते, बाहेर आलेला ओलावा वाऱ्याने सुकतो, त्यानेच तर आतलं पाणी गार होतं. "का हो?"

"काही नाही, सहज," साहेब म्हणाले आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन माठावर तुटून पडले. केमिकल ढिम्म हललं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कंपनीचा माल जाहिरातीला जागलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. घाम पुसून ते खाली गेले आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन आले.

संध्याकाळी बापलेक आली. सासरेबुवा पायही न धुता थेट माठापाशी गेले. बर्फाने माठावर बाहेरून दव धरलं होतं, ते साहेबांच्या पथ्यावर पडलं.

"पाझरतोय छान," सासरेबुवा म्हणाले. "पण ही चमक कसली?"

"रोज पुसतो ना मी," साहेबांनी ठोकून दिलं. बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

सासरेबुवांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. असं गार पाणी आपल्या एकाही माठाने कधी दिलं नव्हतं म्हणाले. माती तीच, भट्टी तीच, मग या माठात असं काय उतरलं, याचा ते मोठ्याने विचार करू लागले. शेवटी त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, माठ सांभाळावा तर तुम्ही."

साहेबांची छाती फुगली. आता हे आयुष्यभर निभावून नेऊ असंही त्यांना वाटून गेलं. फक्त बर्फ तेवढा रोज आणायचा.

"आणखी थोडं द्या," सासरेबुवा म्हणाले. साहेबांनी या खेपेला न बघताच दिलदारपणे ओगराळं काठोकाठ भरलं आणि पाणी भांड्यात ओतलं. भांड्यात टण्णकन आवाज झाला.

सासरेबुवांनी बर्फाच्या खड्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने माठ चोळला, नखाने खरवडला, नख हुंगलं.

"काय फासलंय याला?"

साहेबांनी सगळं सांगून टाकलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बाबांचा शेवटचा माठ होता तो."

सासरेबुवांनी दुखरा खांदा एकदा गोल फिरवून पाहिला. "शेवटचा कसला, पोरी? हा माठ माझ्या नावावर शेवटचा म्हणून राहू देतो होय? खांदा शेकून बसतो चाकावर." मग जावयाकडे वळून त्यांनी विचारलं, "आतलं पाणी बाहेर येतच नाही म्हणता?"

"एक थेंब नाही," साहेब म्हणाले. एवढं होऊनही त्यांचा आवाज जरा चढलाच. "दहा वर्षांची गॅरंटी आहे."

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या काकू होत्या. वरून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली फुटली होती आणि आता काय ठेवायचं ते साहेबांनीच सांगावं, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब इमारतीच्या दोषाबद्दल बोलायला लागणार, तोच सासरेबुवांनी माठ मोरीत रिकामा करून काखोटीला मारला आणि ते काकूंच्या मागोमाग जिना उतरले.

आता ओट्यावर नवा माठ आहे, आणि त्याला हात लावायची साहेबांना बंदी आहे. जुना काकूंच्या बाथरूममध्ये आहे. काकू मात्र भेटेल त्याला साहेबांच्या कामाची तारीफ सांगतात. म्हणतात, वरून त्यांच्या बाथरूमचं पाणी दिवसरात्र ठिबकतं, पण माठातून एक थेंब बाहेर येईल तर शपथ.