रजईतली आजी आणि हवामानवाला

आजीला वादात हरवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान त्या दुपारपर्यंत तरी आजीचं हेच म्हणणं होतं.

नातीने पसंत केलेला मुलगा घरी आला होता. हवामान खात्यात नोकरीला. आजी हो म्हणाली तर लग्न पक्कं, नाही म्हणाली तर विषय संपला. त्या घरात तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही, आणि चालू तरी कशाला द्यायचं? नात दाराशी नखं कुरतडत उभी.

"आजी, हल्लीचा उन्हाळा माणसामुळे वाढलाय," मुलगा बोलून गेला.

"उद्या भाजी करपली तर माझ्यावर ढकलशील! अरे, तापतो तो सूर्य!"

"सूर्यामुळे असतं तर खूप वरची हवाही तापली असती. ती गार होतेय आणि खालची तापतेय. आपण कोळसा जाळतो, तेल जाळतो, त्याचा वायू रजईसारखा पसरलाय. आतली ऊब बाहेर जात नाही."

आजी ताडकन उठली, बसली, पुन्हा उठली.

"रजई म्हणजे काय शेगडी आहे? हात लावून बघ, गारढोण असते! घे, पांघरूनच दाखवते. मला उकडलं तर ही पोरगी तुझी!"

"आजी, जपून हं!" नात म्हणाली खरी, पण रजई आणायला धावली तीच!

आजी गाठोडं होऊन खुर्चीत बसली. बघता बघता नाक टोमॅटोसारखं लाल!

"उकडतंय?" मुलाने विचारलं.

"छे! चांगला गारवा आहे."

"मग हा घाम?"

"घाम कुठला? सकाळी तेल लावलंय."

तिची चुळबूळ थांबेना. डावा पाय बाहेर निघे, मग उजवा. नात दोन्ही पुन्हा आत ढकले.

तेवढ्यात सून डोकावली. भर दुपारी सासू रजईत, आणि थरथरतेय! थरथरत होती ती रागाने, पण सुनांना काय कळतंय? "अगंबाई, हुडहुडी भरली!" म्हणत ती शेजारच्या डॉक्टरला घेऊनच आली.

"अरे मेल्या, मला—" एवढंच आजी म्हणाली आणि डॉक्टरने तोंडात थर्मामीटर खुपसला. जन्मात पहिल्यांदा ते तोंड बंद झालं!

"बोलू नका. पंखा बंद करा. अजून पांघरूण आणा!"

सुनेने दोन ब्लँकेटं आणली. आजी हातवारे करायला लागली.

"बघा, तापात वात झालाय! धरून ठेवा!" डॉक्टर ओरडला.

"डॉक्टर, त्यांना ताप नाहीये," मुलगा म्हणाला.

"डॉक्टर तुम्ही की मी?"

शेवटी आजीने थर्मामीटर थुंकला, पांघरुणं भिरकावली. "भाजले, मेले मी!"

डॉक्टर चक्रावला. "एवढं उकडलं कशानं?"

"कशानं म्हणजे? आत काय सूर्य शिरला होता? तुम्हा माणसांमुळे! एकावर एक लादताय, हातवारे करतेय तरी थांबत नाही!"

बोलून झालं आणि आजीने जीभ चावली. नात तोंडावर हात धरून हसत होती. मुलगा मात्र पायाखालची फरशी बघत राहिला. हुशार होता!

आजीने टॉवेलने मान पुसली, गळा पुसला, पुन्हा मान पुसली.

"जा, घेऊन जा हिला," ती म्हणाली. "पण ते हवामानाचं मला अजून पटलेलं नाही! आणि उभे काय राहिलात सगळे? पंखा लावा!"