कोपरा फाटलेलं पाकीट

मेढ्याचे आप्पासो टपाल खात्याला कैक वर्षं शेंडी लावत आले होते. सांगलीला दिलेल्या लेकीशी, भामाशी, त्यांचा ठराव होता. तिनं रिकामं पाकीट तिकीट न लावता टाकायचं. पत्त्याशेजारी हळदीचं बोट म्हणजे सगळं खुशाल, कुंकवाचं म्हणजे आनंदाची बातमी. पोस्टमन केरबानं पाकीट आणलं की आप्पासो ते निरखून बघत आणि बिनतिकिटाच्या पाकिटाचा दुप्पट आकार भरायला साफ नकार देत.

"आप्पासो, ही सरकारची फसवणूक हाय. कायदा हाय त्याला."

"नको असलेलं पाकीट घ्यायची सक्ती हाय का कायद्यात?"

"न्हाई. पर परत गेल्यावर..."

"मग ने की परत!"

लढाईपायी तिकिटं महागली, तसा आप्पासोंना आपल्या अकलेचा जास्तच अभिमान वाटू लागला.

यंदा भामाचं दुसरं बाळंतपण सासरीच होतं. आप्पासो रोज ओट्यावर बसून केरबाची वाट बघत. एके सकाळी पाकीट आलं. कुंकवाचं ठसठशीत बोट बघून आप्पासोंचा हात मिशीकडे गेला आणि तिथंच थांबला. पाकिटाचा कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाडलेलं पत्र मयताचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आप्पासोंच्या बायकोनं, रंगूबाईंनी, दारातूनच हंबरडा फोडला. "आवं, पोर झालं आन् माझी भामा गेली वं!"

"गप! टपालात फाटलं असंल," आप्पासो म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. "दे रं केरबा इकडं."

"दुप्पट आकार..."

"घे बाबा, घे!"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी तो आकार भरला आणि पाकीट फोडलं. आत काहीच नव्हतं. ठरावच तसा होता.

मिळेल त्या मोटारीनं दोघं सांगलीला पोचली. दारातून बघतात तर भामा बाजेवर बसून डिंकाचा लाडू खात होती, कुशीत पोरगा. आप्पासोंनी उंबऱ्यावरच बसकण मारली आणि ते ढसाढसा रडले.

"कोपरा कुणी फाडला गं?" जरा वेळानं त्यांनी विचारलं.

"मीच."

"अगं, असला अभद्रपणा!"

"मग काय करू? तुमी नाकारलं की केरबा त्यावर आमचा पत्ता लिवून परत धाडतो. परत आलं की धाडणाऱ्यानं दुप्पट भरायचं, असा कायदा हाय. इतकी वरसं तुमचं जावई भरत्यात, लाजंपायी बोलत न्हाईत." भामाचा आवाज ओला झाला. "आन् नुसतं कुंकू बघून तुमी आला असता व्हय?"

आप्पासो खाली मान घालून उठले आणि टपाल कचेरीत गेले. येताना तिकीट छापलेली पाकिटं घेऊन आले आणि तिच्या उशाशी ठेवली.

पुढच्याच महिन्यात केरबा त्यातलं एक पाकीट घेऊन ओट्याशी उभा राहिला. पाकीट फुगून टम्म झालं होतं.

"लेकीनं लय लिवलंय, आप्पासो. वजन जास्त भरलं. कमी पडलेल्या तिकिटाचा दुप्पट आकार पडतोय, कायदाच हाय तसा. परत धाडू?"

आप्पासोंनी कनवटीला हात घातला.