दाजींनी दिलेली सायकल

"मला गाढ झोपेतून उठवा, तरी बरोबर सायकल हातात देईन!" शर्यतीच्या सकाळी संघाच्या मेकॅनिकनं छातीवर हात मारून सांगितलं. कप्तान नुसता हसला. ताडासारखा उंच, म्हणून सगळे त्याला लंब्या म्हणत. मेकॅनिकच्या बायकोचा तो धाकटा भाऊ. एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही त्याची शेवटची शर्यत होती. "दाजी, आज सांभाळून घ्या," एवढंच तो म्हणाला.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशीच लंब्याचं चाक पंक्चर झालं. मागून येणारी संघाची गाडी थांबायच्या आत मेकॅनिकनं उडी मारली, टपावरची जादा सायकल ओढली, लंब्याला बसवलं आणि पाठीवर हात ठेवून जीव खाऊन ढकललं. धापा टाकत मागे वळला, तर लंब्याची उंच सायकल टपावर तशीच उभी!

"अहो, मी बुटक्याची दिली!"

बुटक्या म्हणजे संघातला सगळ्यात ठेंगणा गडी.

"जा, बदला मग!" गाडीतून प्रशिक्षक ओरडले. पण पुढे रस्ता अरुंद. पंचांनी सगळ्या गाड्या मागेच अडवल्या.

गाडीतल्या पडद्यावर लंब्या दिसत होता. बसला की गुडघे कानाला लागत. म्हणून बिचारा उभ्यानंच पॅडल मारत सुटला. त्यानं पुढचा गट गाठला, तरी उभाच! बाकीच्यांना वाटलं, उभा आहे म्हणजे हा आता जोर लावून निसटणार. ते जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे लागले. तो दमून मंदावला की तेही मंदावत, तो पुन्हा जोर लावी की तेही सुटत. माथ्यावर पोचेपर्यंत सगळ्यांची पार चिपाडं झाली. बुटक्या मात्र त्याच गटाच्या शेपटाला निवांत होता. शेवटच्या वळणावर तो सुसाट निघाला आणि चक्क तिसरा आला!

"ही आमची गुप्त चाल होती," प्रशिक्षक पत्रकारांना सांगत होते.

लंब्या फुटपाथवर बसला होता. पाठ सरळ होत नव्हती. मेकॅनिकनं गुडघे टेकून त्याचे बूट काढले.

"माझ्यामुळे तुझं पदक गेलं रे."

"मिळालंच असतं, असं नाही दाजी. पण आता ते कधीच कळणार नाही." त्यानं मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवला. मेकॅनिकला वर बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. बायको!

"अहो, टीव्हीवर सगळे म्हणताहेत, काय डोकं लढवलंत!"

मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. "हो ना, म्हणजे आम्ही..."

"ते राहू द्या. त्याचे गुडघे कानापर्यंत का येत होते?"

मेकॅनिकनं फोन लंब्यापुढे केला. लंब्यानं त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाला,

"काही नाही गं ताई. उंची वाढली माझी!"