शनिवार मोकाट सुटला

"घरात इंजिनियर असताना वेबसाइटला बाहेरचा माणूस कशाला?" असं आपले साहेब छाती फुगवून म्हणाले आणि तिथंच सगळं बिनसलं.

बायकोनं ऑफिसातून रजा टाकून चित्रकलेचा क्लास काढला होता. शनिवार-रविवार, घरच्याच हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही तर निमूट परत कामावर जायचं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. गुरुवार उजाडला तरी क्लासच्या वेबसाइटवर एक नाव येईना.

"माझ्याकडे कोणाला शिकायचंच नाहीये," ती रडवेली होऊन म्हणाली.

साहेबांनी स्वतःचंच नाव भरून पाहिलं. पडद्यावर उत्तर आलं, 'क्षमस्व, जागा भरल्या आहेत!'

प्रोग्राममध्ये बरोबरीचं चिन्ह दोनदा द्यायचं, ते साहेबांनी एकदाच दिलं होतं. (आणि म्हणे सीनियर!) दोनदा दिलं की कॉम्प्युटर बघतो, जागा भरल्या का? एकदाच दिलं की भरल्या असं ठरवूनच टाकतो.

"म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधीच तुम्ही तो बंद केलात?"

"अगं, तांत्रिक अडचण असते ती!"

घाईघाईत त्यांनी ते निस्तरलं, वर नवी अट घातली: शनिवार किंवा रविवार, आणि स्टूल शिल्लक असेल तर प्रवेश. कंस घालायचा मात्र कंटाळा केला. कॉम्प्युटर 'आणि' आधी बघतो, 'किंवा' नंतर. त्यानं स्टुलाची अट एकट्या रविवारला लावली आणि शनिवार मोकाट सोडला.

शनिवारी सकाळी बेल वाजली, ती वाजतच राहिली. स्टुलं संपली, खुर्च्या संपल्या, बादल्या पालथ्या घातल्या. दातांचे डॉक्टर फ्रिजला टेकून बसले. चित्र काढायला टेबलावर ठेवलेली फळं मागच्यांना दिसेनात.

"अहो, फळं उचला आणि तुम्हीच चढून बसा. हलायचं नाही!"

साहेब बसले. पायाला मुंग्या आल्या, नाक खाजलं, पण काय बिशाद हलायची! खाली बायको एकेकाच्या वहीवर वाकून शिकवत होती, खळखळून हसत होती. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. साहेबांना अगदी भरून आलं.

सगळे गेल्यावर ते ओशाळून म्हणाले, "अगं, ही गर्दी माझ्याच चुकीमुळे झाली. आत्ता दुरुस्त करतो."

"खबरदार हात लावाल तर! मी सोमवारी राजीनामा देतेय." ती चित्रं गोळा करता करता थांबली. "आणि पुढच्या शनिवारी जरा घट्ट शर्ट घाला. पोटाची गोलाई मागच्यांना नीट दिसत नव्हती."