चार छत्र्यांची खोली

तमाम नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या शहरातली प्रत्येक भाड्याची खोली सदबाने छत्रीने मोजलेली आहे आणि एकही पास झालेली नाही!

सदबा गिरणीत माझ्या शेजारी उभा राही. राहायचा मात्र कामठीला. रोज मैलोन्‌मैल पायी येई, पायी जाई. डोक्यावर ऊन, काखेत मिटलेली छत्री.

"उघड की गा!" मी म्हणे.

"काड्या वाकतीन. माप चुकन."

माझ्या खोलीत छत्री आडवी धरायला आधी सासूबाईंना बाहेर उभं करावं लागलं. अडीच छत्र्या. राहणारे आम्ही सहा.

"अन् तुमी इथं राहता?" त्याने इतक्या कळवळ्याने विचारलं की मला आजही राग आहे.

त्याला हव्या होत्या चार. कारण त्याचा बाप. म्हातारा हातमागावर विणायचा. मागाखाली जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे. उभा जन्म असा कंबरेपर्यंत जमिनीत गेलेला. "पाय खड्ड्यात नसले तं बाबाले घास जात नाही," सदबा सांगे. बापाला एकटं सोडून रोजची पायपीट त्याच्या जिवावर येई.

मी त्याला आमच्या चाळीच्या मालकाकडे नेलं.

"माणसं किती?"

"बाबा अन् मी."

"सामान?"

"एक खड्डा."

मालक पानासकट उभा राहिला. "खड्डा? माझ्या घरात? कोणाले पुरून राहिला गा?"

चाळ हसली. सगळ्यात मोठ्याने मी.

चार छत्र्यांची खोली शहरात होती, पण तिच्या भाड्यात सदबाचा अख्खा पगार जाई आणि खड्डा खणायला तिथेही बंदी. तो चालत राहिला. त्या हिवाळ्यात, तो गिरणीत असताना, म्हातारा मागावर बसल्या बसल्या गेला.

महिन्याभरात माझ्या शेजारची खोली रिकामी झाली. अडीच छत्र्या. मालक खूश होता. एकटा माणूस, ना बायको, ना पोर, ना खड्डा.

सदबा पेटी घेऊन राहायला आला आणि सवयीने मोजू लागला. मी म्हटलं, "आता काहून मोजून राहिला गा? छत्री उघड! सुटली तुही पायपीट."

तो भिंतीला टेकून खाली बसला. पाय लांब केले, समोरच्या पेटीला लागले. जवळ घेतले. मग छत्रीच्या टोकाने फरशी ठोकली, एकदा, दोनदा, आणि मालकादेखत ओरडला,

"अन् बाबाचे पाय कुठं सोडू?"