रबडीला विचारून सांगते

उज्जैनच्या आमच्या गल्लीत कढीलिंबाचं झाड एकच होतं आणि ते सिस्टरआत्यांच्या अंगणात होतं. फोडणीला पानं हवी असली की आधी आत्यांना विचारायचं. त्या लगेच म्हणायच्या, "माझ्याकडून हो. आता त्याला विचार." त्याला म्हणजे झाडाला. मग बँकेत नोकरीला असलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस, म्हणजे मी, पायजमा सावरत झाडापुढे उभा राही आणि "चार पानं घेऊ का?" म्हणे. तेवढ्यानं सुटका नव्हती. मागून आवाज येई, "पूछ लिया?"

"हो, विचारलं."

"मग थांब ना जरा. त्याला बोलू तर दे!"

घरात मोहरी जळत असे आणि मी इकडे झाडाच्या उत्तराची वाट बघत असे. दिवेलागणीनंतर तर सवालच नव्हता. "आत्ता झोपला तो, सकाळी ये," म्हणून परत पाठवत.

तुळस तोडताना हात जोडायचे, तिन्हीसांजेला तिला हात लावायचा नाही, हे आपण सगळेच पाळतो. आत्यांनी ते तुळशीपाशी थांबवलं नव्हतं, इतकंच. राम घाटावर नदीत पाय घालण्याआधी त्या पायरीवर उभ्या राहून क्षिप्रेला विचारत. एका पर्वणीला नदीचं उत्तर यायला उशीर झाला आणि मागे यात्रेकरूंची ही गर्दी तुंबली. एक पंडाजी वैतागून म्हणाले, "माताजी, नदी क्या मना करेगी?" आत्या म्हणाल्या, "वो उसकी मर्जी, महाराज."  एवढ्या वर्षांत नदीलाही मर्जी असते हे बहुधा पंडाजींच्या ध्यानात आलं नसावं.

तेव्हा उज्जैनमध्ये घरोघरी केबल येऊ लागली होती. देश खुला झाला म्हणत होते, आणि आमच्या गल्लीलाही घाई झाली होती. केबलवाला शिडी लावून भिंतीला भोक पाडणार, एवढ्यात खाली आत्या. मीटरच्या डब्यामागे चिमण्यांचं घरटं होतं. "उनसे पूछ लिया?" केबलवाला हसला. आत्या हसल्या नाहीत. पिल्लं उडून जाईपर्यंत आमच्या बाजूला जुनं एकच चॅनेल राहिलं. समोरच्यांकडे परदेशी मालिका आणि आमच्याकडे खतांची माहिती. माझी बायको त्या काळात आत्यांशी फार मोजकं बोलत असे.

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव मनोरमा. एका सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी सगळी नोकरी काढली, म्हणून सिस्टर. आणि आत्या झाल्या त्या माझ्या वडिलांमुळे.

वडील हर्नियासाठी त्यांच्या टेबलावर आले होते. संमतीची सही माझ्या मोठ्या काकांनी केली होती, कारण आमच्या घरात वडिलांचं सगळं तेच ठरवत, शर्टाच्या कापडापर्यंत. वडील आडवे, डोळ्यांवर दिवा, सर्जन हातमोजे घालून दोन्ही हात वर धरून उभे. तेवढ्यात एक बाई वाकून मराठीत म्हणाली, "भाऊ, करायचं ना ऑपरेशन? आत्ताही नाही म्हणता येतं." हा प्रश्न वडिलांना जन्मात कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "थांबा, विचार करतो." आणि खरोखरच विचार करू लागले. सर्जन कडाडले, "सिस्टर, ये क्या तमाशा है?" सिस्टर म्हणाल्या, "सर, मरीज सोच रहा है." आणि सुरीच्या ट्रेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं वडील "करा" म्हणाले, तेव्हा कुठे ट्रे पुढे सरकला. त्या राखीपौर्णिमेला वडील पेढे घेऊन त्यांच्या दारात हजर. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. टाके किती दुखले ते कधी सांगितलं नाही.

पुढे तो सर्जनच दर ऑपरेशनच्या आधी विचारू लागला म्हणे, "सिस्टर, पूछ लिया?" खेड्यांतून आलेल्या बायकांना तर आज भाजी कुठली करायची हेही घरी कुणी विचारत नसे. "काही तर नुसत्या विचारण्यानंच रडायच्या रे," आत्या एकदा बोलून गेल्या. मी माझ्या नोकरीत पुष्कळ साहेब पाहिले. पण वर हात धरून उभ्या असलेल्या सर्जनला थांबवणारं माणूस हे एकच पाहिलं, आणि ते रोज संध्याकाळी आमच्याकडे फ्रिजपाशी येत असे.

फ्रिजपाशी येण्याचं कारण रबडी.

रबडी ही आत्यांची मांजर. देवास गेटच्या एका मिठाईच्या दुकानामागे सापडलेली, सायीच्या रंगाची, म्हणून रबडी. नेमकी तिलाच शुगर निघाली. ती ज्या मातीच्या पाटीत शू करी, तिला मुंग्या लागायला लागल्या तसं आत्यांच्या लक्षात आलं. जनावरांचे सरकारी डॉक्टर व्यास यांचा सगळा जन्म म्हशींत गेलेला. ते म्हणाले, "माताजी, बिल्ली को शुगर? मैं तो पहली बार सुन रहा हूँ." पण माणूस भला. त्यांनी इंदूरच्या एका डॉक्टरांना विचारून इन्सुलिनचं प्रमाण ठरवून दिलं. आत्यांकडे फ्रिज नव्हता, म्हणून बाटली आमच्या फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी.

सकाळ-संध्याकाळ आत्या यायच्या, फ्रिजपुढे उभ्या राहून म्हणायच्या, "घेऊ का?" आम्ही "घ्या" म्हणायचं. बाटली त्यांची, औषध त्यांचं, तरी विचारायचं. बायको म्हणायची, "आत्या, किती वेळा सांगू, आपलंच घर समजा." त्या मान हलवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा, "घेऊ का?"

सुई टोचताना एकदा त्यांना पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. रबडी मांडीवर. आत्या तिच्या कानाशी "टोचू?" म्हणत, थांबत, मग मानेवरची कातडी चिमटीत धरत आणि सुई जाऊन परत आलेली असे. रबडीनं कधी नख काढलेलं मी पाहिलं नाही. मला साधी लस टोचायची तर दोन माणसं धरायला लागतात.

याच मानेवर गाठी आल्या. आधी चामखिळीएवढ्या, मग त्यातली एक बोराएवढी झाली, नेमकी सुई टोचायच्या जागी. रबडी मागच्या पायानं ती खाजवी आणि रक्त काढी. व्यास डॉक्टरांनी उलटसुलट पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "भैंस होती तो अभी काट देता, माताजी. इसको काटूँ तो शुगर में घाव नहीं भरेगा. न काटूँ तो ये खुजा-खुजा के सड़ा लेगी. ठंड है तब तक सोच लो, गर्मी में मैं हाथ नहीं लगाऊँगा. फैसला आपका."

"माझा कसा?" आत्या म्हणाल्या. "गाठ तिची आहे. रबडीला विचारून सांगते."

डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघायला लागले. 

इथून पुढे जे सुरू झालं ते अख्ख्या गल्लीनं पाहिलं. कुणी सुचवलं, चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आपोआप गळून पडते. आत्या देवास गेटला टांग्यांच्या अड्ड्यावर गेल्या. टांगेवाला केस उपटून द्यायला तयार होता. आत्यांनी त्याला बाजूला केलं आणि घोड्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. घोड्यानं फुरफुर करून मान फिरवली. "नाही म्हणाला," आत्या परत येऊन म्हणाल्या, आणि तो उपाय तिथेच संपला.

मग इंदूरच्या डॉक्टरांना फोन. तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची दुकानं निघाली होती. आत्या पिशवीत रबडीला घालून गेल्या, सोबत मी. काचेच्या खोपटात आम्ही तिघं. आत्यांनी नीट सगळं विचारलं, ऐकलं आणि मग रिसीव्हर रबडीच्या कानाला लावला. "डॉक्टरसाहेब, अब वही बात एक बार इसको बता दीजिए." तिकडे काय झालं असेल ते देव जाणे, पण भला माणूस दोन मिनिटं बोलला. रबडीनं कान टवकारून ऐकलं. बाहेर रांग लागलेली. दुकानदार काचेवर टकटक करून म्हणाला, "माताजी, ये भी बात करेगी?" आत्या म्हणाल्या, "तिच्या जिवाचं चाललंय, तर तिनं ऐकायला नको?" मला लाज वाटत होती हे खरं. पण बाहेर आल्यावर वाटलं, माझ्या वडिलांच्या वेळी सगळं घर त्यांच्या डोक्यावरून बोलत होतं, त्यांच्याशी कुणीच बोललं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी आत्या ओट्यावर रबडीला समोर घेऊन बसत. "काढू का ती गाठ? दुखेल थोडी. कदाचित जास्तीही होईल." आणि हात मांडीवर ठेवून थांबत. मी बँकेत जाताना विचारत असे, "काय म्हणाली?"

"आज काही बोलली नाही."

एकदा चेहरा खुललेला दिसला. "काल हो बोलली असं वाटलं रे. पण मग कळलं, ती मलईला हो म्हणत होती."

पहिल्या दिवशी मी हसलो होतो. पण हे थांबणं रोज बघायला लागलो तसं हसू गेलं. कुणाच्या उत्तरासाठी इतका वेळ गप्प बसून राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आम्ही बँकेत लोकांना फॉर्म भरताना उत्तरंसुद्धा सांगून मोकळे होतो.

ऊन तापू लागलं. गाठीवर माशी बसायला लागली. एका रविवारी पोह्यांसाठी पानं आणायला गेलो तर आत्या ओट्यावर बसलेल्या, मांडीवर रबडी, हातात रक्ताचा कापूस. मला झाडाकडे जाताना पाहून त्या "पूछ लिया?" म्हणाल्या नाहीत. मी थबकलोच.

"डॉक्टर बोलले, या हफ्त्यात सांगा, नाही तर राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी विचारून विचारून थकले रे. ही काही बोलतच नाही."

आत्यांना थकलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. जे तोंडात आलं ते बोललो, "आत्या, पण तुम्हाला काय हवंय?"

"मला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. मग खाली बघत राहिल्या. घरून बायकोची हाक आली, तेल तापलं होतं. मी हललो नाही. झाडापुढे थांबून थांबून तेवढं मला आता येत होतं.

"मला कुणी विचारलंच नाही रे कधी," आत्या म्हणाल्या. "बाबा गेले, काकांनी नर्सिंगला घातलं. विचारलं नाही. लग्न जमवलं, विचारलं नाही. मोडलं, तेव्हाही नाही, पोस्टकार्डानं कळवून दिलं. इथे बदली झाली, ट्रंक उचलून आले. मग मी बोलले, चला, आपण तर विचारू दुसऱ्यांना." त्या रबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.  मग हळूच, एखादी वस्तू मागायला संकोच वाटावा तशा आवाजात म्हणाल्या, "मला ही हवीये. अजून थोडे दिवस हवीये. बस, एवढंच."

 एवढ्या लोकांच्या मनातलं काढून घेणाऱ्या बाईला स्वतःच्या मनातलं सांगायला सत्तरी गाठावी लागली होती.

मग त्या वाकल्या आणि रबडीच्या कानाशी म्हणाल्या, "ऐकलंस? मला तू हवीयेस. म्हणून मोठी गाठ काढू या म्हणते. बारक्यांना हात नाही लावायचा. काढू?" रबडीनं जांभई दिली आणि तिथेच अंग मुडपून झोपली.

"हो म्हणाली?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण मी माझं सांगितलं तिला." आणि मग मला, "पानं घेऊन जा. तो हो म्हणाला केव्हाचा."

दोन दिवसांनी दुपारी ऑपरेशन होतं. व्यास डॉक्टर आत्यांच्याच घरी येणार होते, जागा बधिर करून गाठ काढणार होते आणि रबडीला धरणार होत्या आत्या. मी रजा काढतो म्हटलं तर नको म्हणाल्या. बँकेत माझं चित्त नव्हतं. घरी आलो तर आत्यांचं दार लोटलेलं, आतून आवाज नाही. बायको म्हणाली, "दुपारपासून बंदच आहे. मी दोनदा जाऊन परत आले, कडी वाजवायचा धीर झाला नाही." आम्ही चहा घेतला. दिवे लागले. फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी ती बाटली होती. ती न्यायची वेळ झाली होती आणि दोघंही तिकडे बघायचं टाळत होतो. रबडी असेल तरच ती बाटली लागणार होती.

पायरीवर चपला वाजल्या. आत्या आत आल्या. अंगावर जुनी पांढरी नोकरीतली साडी, कडक इस्त्रीची, पोलक्याच्या बाहीवर थोडं रक्त. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिज उघडला, बाटली काढली, दार लावलं आणि लगबगीनं निघून गेल्या.

मी बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती.

"आज विचारलं नाही त्यांनी," ती म्हणाली.