पुलावरून आलेली खार

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ग्वेनने गाडीची डिकी उघडली, पिंजऱ्यांवरची जुनी गोधडी बाजूला केली, आणि सहाव्या पिंजऱ्यातून एका करड्या खारीने तिच्याकडे पाहिलं.

"इफोर," ग्वेनने नवऱ्याला हाक मारली. आवाज तिने मुद्दाम शांत ठेवला होता. "जरा इकडे ये."

इफोर सकाळीच बेटाचा पूल ओलांडून पलीकडे मुख्य भूमीवर, आपल्या थोरल्या बहिणीकडे, बेथानकडे जाऊन आला होता. तिला उसने दिलेले सहा पिंजरे परत आणायचे, एवढंच काम होतं. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला ते जमायला हरकत नव्हती.

"सहा दिले होते, सहा आणले. मोजून घे," तो दारातूनच म्हणाला.

"पिंजरे सहाच आहेत. आत काय आहे ते बघ."

इफोरने वाकून पाहिलं. "अरेच्चा! ही कधी चढली?"

मोन बेटावर करडी खार दिसणं ही साधी गोष्ट नव्हती. ग्वेनने आणि लाल खारी वाचवणाऱ्या तिच्या मंडळाने अठरा वर्षं रानोमाळ पिंजरे मांडून, मका टाकून, एकेक करडी खार पकडून बेटावरून संपवली होती. करडी अंगाने दांडगी, ती बेटावरच्या मूळच्या लाल खारीच्या तोंडचा घास पळवते. पण खरी भीती वेगळीच. तिच्या अंगात देवीसारखा एक रोग असू शकतो. तिचं स्वतःचं काही बिघडत नाही, लाल खार मात्र पंधरवड्यात तडफडून मरते. एका वर्षी ग्वेनने चॅपलमागच्या पाइनच्या रानातून अकरा मेलेल्या लाल खारी एका टोपलीत उचलून आणल्या होत्या. त्या तिला अजून आठवत. गावात ग्वेन नावाच्या तिघी होत्या, म्हणून हिला सगळे 'ग्वेन खारवाली' म्हणत.

पकडलेली करडी खार पुन्हा सोडायची नाही, हा कायदा होता. तिला त्रास न देता कसं संपवायचं, याचं रीतसर शिक्षण ग्वेनने घेतलं होतं. दोन मिनिटांचं काम.

"मी हातमोजे आणते," ती म्हणाली. "तू कशालाही हात लावू नकोस."

इफोरने हात लावला. मका कुठून पडतोय ते बघायला त्याने पिंजरा उचलून उलटा केला. त्या पिंजऱ्यांच्या दाराची कडी स्वतःच्या वजनाने खाली पडून बसते. पिंजरा उलटा झाला की तीच कडी उघडते. ग्वेन हातमोजे घेऊन आली तेव्हा इफोर रिकामा पिंजरा धरून उभा होता आणि शेजारच्या भिंतीवरून एक करडी शेपूट चॅपलच्या दिशेने चालली होती.

"कडीत दोष आहे," इफोर म्हणाला.

"कडीत नाही," ग्वेन म्हणाली.

दहाच मिनिटांत तिच्या खिशातला मंडळाचा फोन वाजला. दुकानवाली नॉन होती.

"ग्वेन! करडी! चॅपलच्या छपरावर बसलीये, अगदी पाळकसाहेबांसारखी ऐटीत!"

"नक्की करडीच का?"

"अगं, मला काय डोळे नाहीत? आता ही कुठून आली म्हणायची?"

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. "ते बघावं लागेल," ग्वेन म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने इफोरकडे पाहिलं. इफोरने डिकी बंद केली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चॅपलमध्येच तातडीची बैठक झाली. पाळक ट्यूडर हे मंडळाचे अध्यक्ष. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूसही उठून बसावा.

"ती पुलावरून आली!" पाळकसाहेब गरजले. "दुसरा मार्गच नाही. सामुद्रधुनी काय तिने पोहून पार केली?"

"पुलावरूनच आली असणार," ग्वेन म्हणाली. हे तर खरंच होतं.

"मग पुलावर पहारा बसवू. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. पहिली पाळी माझी आणि नॉनची."

"मी कशाला?" नॉन म्हणाली. "माझं दुकान कोण बघेल?"

"तुमचे डोळे चांगले आहेत, हे तुम्हीच काल गावभर सांगितलंत."

आणि त्याच बैठकीत असंही ठरलं की पलीकडच्या मंडळाला एक कडक पत्र धाडायचं. तुमच्या हद्दीतल्या करड्या खारी तुम्हाला सांभाळता येत नाहीत, त्याची शिक्षा आमच्या लाल खारींनी का भोगावी? पलीकडच्या मंडळाची अध्यक्ष होती बेथान. पत्र लिहायचं काम ग्वेनकडे आलं, कारण नात्यातल्या माणसाने लिहिलं की बरं दिसतं.

ग्वेनने नणंदेला पत्र लिहिलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर काही वाक्यं तिला फारशी जड गेली नाहीत.

सोमवारपासून पुलावर पहारा सुरू झाला. पाळकसाहेब घडीची खुर्ची, दुर्बीण आणि चहाचा थर्मास घेऊन बसले. वारा समुद्रावरून आडवा येत होता आणि त्यात बारीक पाऊस. दुपारी त्यांनी नळदुरुस्तीवाल्याची गाडी अडवली, कारण तिच्या टपावर काहीतरी करडं हललं होतं. तो नळाभोवती गुंडाळायच्या कापडाचा तुकडा निघाला. मागे गाड्यांची रांग लागली. संध्याकाळी रेडिओवाल्यांनी ग्वेनला फोनवर विचारलं, "एवढीशी खार इतका मोठा पूल कसा ओलांडते?"

"खार फार चपळ असते," ग्वेन म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

बाकी सगळा दिवस ती पाइनच्या रानात होती. तिथे एका तुटक्या कानाच्या लाल खारीने त्या वर्षी तीन पिल्लं वाढवली होती. ग्वेनने भोवती नऊ पिंजरे मांडले, दिवसातून चारदा तपासले. मका संपत होता, पण तो उंदीर खात होते. ती पिल्लं फांदीवरून खाली बघायची आणि ग्वेन मान खाली घालून पुढे जायची.

मंगळवारी संध्याकाळी बेथानचा फोन आला.

"वहिनी, तुमचं पत्र पोचलं. छान अक्षर आहे."

"वन्सं, ते मंडळाचं..."

"ते राहू द्या. मला एक सांगा. मी इफोरसाठी दारात पाच पिंजरे ठेवले होते. सहावा बागेत मांडलेला होता, तो नंतर पाठवते अशी चिठ्ठीही होती. चिठ्ठी तशीच आहे, पिंजरा नाही."

ग्वेनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो उचलताना हलका लागला की जड, एवढं माझ्या भावाला विचारा," बेथान म्हणाली. "उद्याच्या बैठकीला मी येतेय."

इफोरला विचारल्यावर त्याने चहात आणखी एक चमचा साखर घातली. "जरा जड होता," तो म्हणाला. "मला वाटलं गंजलाय."

"गंजाने लोखंड जड होतं?"

"मी गोधडी टाकताना आत बघितलं नाही गं. आता फासावर देतेस का?"

बुधवारी सकाळी खार सापडली. रानात नव्हे, नॉनच्या दुकानामागे, रिकाम्या खोक्यांपाशी मांडलेल्या पिंजऱ्यात. ग्वेनने आपलं काम केलं, तपासणीसाठी नमुने भरून पाठवले आणि हात दोनदा धुतले. दुपारपर्यंत मोठी बातमी कळली. खार निरोगी होती. ग्वेन ओट्याशी उभी राहून थोडा वेळ रडली.

आता गप्प बसलं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी बेथान भली मोठी फाइल घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसली. पाळकसाहेबांचा घसा तीन दिवसांच्या वाऱ्यापावसाने पार बसला होता. ते नॉनच्या कानात कुजबुजत आणि नॉन ते मोठ्याने सांगे.

"पाळकसाहेब म्हणतात, पुलावरचा पहारा कायमचा करावा. बेट मोकळं झाल्यापासून ही चौथी करडी. आधीच्या तिन्हींच्या नावापुढे मंडळाच्या वहीत 'बहुधा पुलावरून' असंच लिहिलंय."

बेथान फाइल उघडू लागली. ग्वेन त्याआधी उभी राहिली.

"ती पुलावरूनच आली," ती म्हणाली. "पण आमच्या गाडीत बसून. आम्ही आणली, आमच्याच हातून सुटली आणि मी चार दिवस तोंड शिवून बसले. तुम्ही पावसात भिजलात. उगीचच. मला माफ करा."

इफोरही उठून तिच्याशेजारी उभा राहिला. "उलटा मी धरला होता," तो म्हणाला.

मग पाळकसाहेब नॉनच्या कानाशी वाकले. नॉनने ऐकलं आणि चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मोठ्याने सांगू?"

त्यांनी मान हलवली.

"पाळकसाहेब म्हणतात, सहा वर्षांपूर्वीची करडी त्यांच्या सोफ्यातून निघाली होती. पलीकडून जुना घेतलेला. त्या सोफ्याच्या पोटात घरटं होतं."

एक माणूस हसला आणि लगेच गप्प झाला. नॉन अजून उभीच होती. "आता उभीच आहे तर सांगून टाकते," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षीची माझी. कोबीच्या खोक्यातून आली. मी झाकण उघडलं, ती ओरडली, मी ओरडले, आणि ती गेली. दुकानात खार निघाली म्हटल्यावर कोबी कोणी घेतला असता?"

"म्हणजे पुलावरून चालत एकही आली नाही?" मागून कोणीतरी विचारलं.

"एक राहिली ना," ग्वेनने वही चाळली. "चार वर्षांपूर्वीची. डिसेंबरातली. आमच्याच घरामागे दिसली होती."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी उठेना. ती एक तरी बिचारी स्वतःच्या पायांनी आली असावी, असं वाटायला लागलं.

बेथानने फाइल मिटली. तिने ती मांडीवर ठेवली, मग पिशवीत घातली, मग पिशवीची चेन लावली.

"त्या नाताळला," ती खाली बघत म्हणाली, "मी तुमच्याकडे झाड घेऊन आले होते ना, वहिनी. गाडीच्या टपावर बांधून. आमच्या अंगणातलंच तोडलेलं..."

ग्वेनने पेनाचं टोपण काढलं आणि वही पुढे ओढली.

"सावकाश सांगा, वन्सं," ती म्हणाली. "मला नीट लिहून घ्यायचंय."